शालूबाईची जिवती

साखऱ्यात जिवतीची अमावस्या आली की बायकांचे डोळे सकाळपासून दाराकडं असायचे. लोहार येऊन उंबऱ्यात खिळा ठोकून जायचा, भोई येऊन पोरांच्या डोक्यावरून जाळं फिरवायचा, आणि त्यांच्या मागून सुपात कागदांची चळत घेऊन सुताराची शालूबाई यायची. एक कागद काढायचा, मागून पिठाची खळ लावायची आणि देवघराशेजारी भिंतीवर चिकटवायचा. कागदावर काळ्या रेघांची जिवती असायची. मांडीवर लेकरू, अंगाखांद्यावर लेकरं, वर टांगलेला पाळणा. मग सारा श्रावण आया तिला आघाड्याची माळ घालायच्या, शुक्रवारी पुरणाच्या दिव्यांनी पोरांना ओवाळायच्या, आणि जे लेकरू परगावी असेल त्याच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकायच्या. कागदाकडं मागणं एकच असायचं, लेकरू जगू दे.

शालूबाई मूळची हट्ट्याची, सुताराचीच लेक. लाकडाच्या ढलप्यांत खेळून मोठी झालेली. लग्न होऊन साखऱ्याला आली तेव्हा नवऱ्याच्या, किसनरावाच्या घरात त्याच्या आज्यानं कोरलेला जिवतीचा छापा होता. शिसवाची हातभर फळी आणि तिच्यावर उलटं कोरलेलं चित्र. दिव्याची काजळी जवसाच्या तेलात खलून शाई करायची, चिंध्यांच्या बोळ्यानं ती फळीवर थापायची, वर कागद पसरायचा आणि तळव्यानं सगळीकडून दाबत जायचं. छापायचं काम घरातल्या बाईचं. सासू गेल्यावर ते शालूबाईकडं आलं आणि त्यात तिचा जीव रमला. कागदाचं टोक धरून तो हळूच उचलताना तिला दरवेळी वाटायचं, कोणीतरी लांबचं पाहुणं दारात येऊन उभं राहिलंय.

तिला एकच पोरगी होती, सुमन. घरात सगळे सुमी म्हणायचे. सुमीचा एक कान जरासा दुमडलेला होता आणि झोप आली की ती मधली दोन बोटं तोंडात घालायची. माय छापायला बसली की ही शेजारी बसून वाळत घातलेल्या कागदांवर फुंकर घालायची. तिला वाटायचं, आपल्या फुंकरीनंच ते वाळतात.

छत्तीस-सदतीस सालच्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. बऱ्याच घरांतली लेकरं गेली, त्यांत सुमी गेली.

त्या वर्षी आषाढ सरत आला तरी शालूबाईनं काजळी धरली नाही. किसनराव दोन-तीनदा छाप्यापाशी घुटमळला. शेवटी म्हणाला, "अगं, अमावस्या जवळ आली."

"मी न्हाई छापत."

"काहून?"

"जिनं माझं एक लेकरू राखलं न्हाई, तिला दारोदार कशाला चिकटवत फिरू?"

 किसनरावानं स्वतःच कशीबशी शाई खलली, स्वतःच कागद छापले. बाप्याच्या जड हातानं ते फिसकटले, कुठं नुसता काळा डाग उमटला. तेच कागद सुपात घालून तो स्वतः घरोघर गेला. कोण्याही बाईनं त्याला विचारलं नाही की शालूबाई कुठं आहे. फिसकटलेली जिवती सगळ्यांनी मुकाट्यानं भिंतीला लावून घेतली.

पुढच्या वर्षी माळ्यावरून छापा काढला तर तो हातातच चुरला. आतून वाळवीनं खाल्ला होता. गावाला जिवती देणं हे घरचं जुनं काम, ते आपल्या हातून कसं बंद पाडायचं? किसनराव शिसवाची दुसरी फळी घेऊन ओसरीवर कोरायला बसला. गाडीचं चाक करावं तर त्यानंच, पण हे काम वेगळं. त्याच्या हातची जिवती नांगराच्या रुमण्यासारखी ताठ उभी राहिली आणि तिच्या मांडीवरचं लेकरू उखळात ठेवलेल्या मुसळासारखं दिसायला लागलं.

शालूबाई चुलीपुढून बघत होती. किती तरी वेळ तिनं दम धरला. शेवटी तिच्यानं राहवलं नाही.

"अवो, बाईचं नाक असं असतं व्हय?"

"मग कसं असतं? दाखव की."

त्यानं पटाशी तिच्यापुढं ठेवली आणि बैलाला कडबा टाकायला म्हणून उठला. कडबा टाकायला किती वेळ लागतो? पण तो पार दिवस कलेपर्यंत घरात आला नाही. आला तेव्हा फळी उलटी होऊन तिची कोरी बाजू वर आली होती, आणि शालूबाई तिच्यावर ओणवी होऊन हलक्या हातानं लाकूड काढून राहिली होती. भाकरी थापलेल्या नव्हत्या. त्यानंच चुलीत जाळ घातला.

पुढं बरेच दिवस घरात असंच चाललं. कोळशानं चित्र काढायचं, पुसायचं, परत काढायचं, मग पटाशी लावायची. बारीक रेघांसाठी किसनरावानं तिला जुन्या खिळ्याची टोकदार कोरणी घासून दिली. जिवतीचं तोंड झालं, हात झाले, पदर झाला. मांडीवरच्या लेकरापाशी आल्यावर मात्र तिचा हात आपल्या मनानं चालायला लागला. तिनं तसं काही ठरवलं नव्हतं. कान कोरला तो दुमडलेला झाला. हात कोरला तर मधली दोन बोटं तोंडाकडं गेली.

पहिला कागद तिनं उचलला तेव्हा किसनराव मागं उभा होता. त्यानं कागद बघितला आणि भिंतीला टेकला. सुमी गेल्यापासून तो बायकोला नुसतं 'अगं' म्हणायचा. त्याआधीची हाक त्याच्या तोंडातून गेलीच होती. आता तो म्हणाला,

"सुमीची माय, शाई जरा कमी लाव. पोरीची बोटं भरून आली बघ."

शालूबाईनं मान हलवली. बोळा पिळून शाई कमी केली. दुसरा कागद पसरला. दोघंही रडत होती आणि दोघंही काम करत होती.

त्या अमावस्येला ती पुन्हा सूप घेऊन निघाली. सगळ्यांत आधी पाटलाच्या घरी गेली. तिथल्या पार्वतीबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, नजर कमी आलेली. त्यांनी कागद नाकाजवळ धरला, उजेडाकडं वळवला.

"शालू, ही तर तुझी सुमी."

शेजारी बसलेली एक बाई चटकन म्हणाली, "अगं बाई! गेलेलं लेकरू जिवतीच्या कागदावर? चांगलं असतं काय असं?"

 हा विचार शालूबाईच्या मनात आलाच नव्हता. ती त्यांच्या हातातला कागद घेऊन परत सुपात ठेवायला लागली, तर पार्वतीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"कुठं नेते? जिवतीच्या मांडीवर बसलंय लेकरू. त्याला अजून कुठं जागा पाहिजे? लाव माझ्या भिंतीला. आन् खळ नीट लाव, मागच्या वर्षी तुझ्या नवऱ्यानं लावलेला कागद चौथ्या दिवशीच खाली आला."

पाटलाच्या भिंतीला लागला म्हटल्यावर बाकी कुणी काही बोललं नाही. उलट घरोघरी बायका कागद हातात घेऊन जरा जास्त वेळ बघायला लागल्या.

त्या पावसाळ्यानंतर एके दुपारी ओढ्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची रूपाबाई आली. तिचा नवरा वसराम किसनरावाकडं औत जुळवून घ्यायला आणायचा, तेवढीच ओळख. तांड्यावर जिवती लावायची चाल नव्हती. रूपाबाई ओसरीच्या कडेला बसली, पाणी प्याली, आणि मग म्हणाली,

"बाई, तू लेकरं काढती म्हणं लाकडात."

"व्हय."

"माझा थावरा पटकीत गेला. त्याला बी बसव तिथं. एकलाच हाय तो तिकडं."

शालूबाईनं विचारलं, तो दिसायला कसा होता? रूपाबाई सांगत गेली. केस कसे, हसणं कसं, वासराचं शिंग लागून भुवईवर झालेली खूण कुठं. सांगता सांगता ती हसायचीसुद्धा. "मला याडी याडी करत सारा दिवस मागं फिरायचा," म्हणाली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. शालूबाईनं छाप्यावर जिवतीच्या खांद्याशी थोडं लाकूड शिल्लक होतं तिथं थावरा कोरला. कागद काढून रूपाबाईच्या हातात दिला. रूपाबाईनं बघितला, चित्रातल्या तोंडावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "तोच हाय. पण खूण त्या बाजूला होती."

शालूबाईनं कपाळाला हात लावला. छाप्यावर सगळं उलटं कोरायचं असतं, आणि ऐकण्याच्या नादात तिनं खूण सुलट कोरली होती. कोरलेलं लाकूड परत येत नाही. रूपाबाई म्हणाली, "राहू दे, मला वळखू येतो." पण शालूबाईला ते पटेना. किसनरावानं तेवढीच जागा पोखरून तिथं शिसवाची बारीक खुंटी ठोकून दिली, घासून सपाट केली, आणि तिनं भुवई परत कोरली. रूपाबाईनं आपल्या ओढणीवरचा एक आरसा दातानं टाके तोडून काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

"ह्याच्यात बघत जा. उलट्याचं सुलट दिसतं."

तेव्हापासून शालूबाई कोरताना तो आरसा फळीपुढं धरायची. आणि तेव्हापासून त्या दोघींचं जाणं-येणं सुरू झालं. रूपाबाई ओढा ओलांडून आली की हातात कधी डिंक, कधी मोहाची फुलं. दोघी बसून बोलायच्या, बऱ्याचदा लेकरांबद्दलच. गेलेल्या लेकराबद्दल मोकळं बोलावं असं माणूस गावात सहसा मिळत नाही. त्या दोघींना ते मिळालं.

मग आणखी आया आल्या. कुणाचं देवीत गेलेलं, कुणाचं विहिरीत पडलेलं. काही जणी जित्या लेकरांसाठीही आल्या, माझ्या पोराला बी बसव, त्याला वरचेवर ताप येतो म्हणून. शालूबाई कुणाला नाही म्हणायची नाही. फळी भरली तेव्हा तिनं कडेची वेलबुट्टी तासून टाकली आणि तिथं लेकरं बसवली. पाळण्यात एकाच्या जागी दोन झोपवली. एक पोरगं तर पाळण्याच्या दोरीला लोंबकळत होतं, कारण त्याची आई म्हणाली होती की ते कधी एका जागी बसलंच नाही.

मधल्या काळात हिंगोलीच्या बाजारात शहरातून छापून आलेल्या रंगीत जिवत्या मिळायला लागल्या. गुलाबी गालांची देवी, जरीची साडी, गुबगुबीत लेकरं. पाटलाच्या उत्तमरावानं हौसेनं एक आणली. पार्वतीबाईंनी ती ओसरीवर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. देवघरापाशी मात्र शालूबाईचाच कागद राहिला. "ती लेकरं कोणाची हायत, मला काय ठावं?" त्या म्हणाल्या.

अशी दहा-एक वर्षं गेली. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात सगळा मुलूख मोकळा झाला म्हणतात, पण साखरा निजामाच्या राज्यात होतं, आणि तिथं दिवस बिघडतच गेले. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. सरहद्द जवळ होती, पलीकडं वऱ्हाड. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात शेजारचं गाव लुटलं गेल्यावर साखऱ्यानं गाड्या जुंपल्या. किसनरावाच्या गाडीत पार्वतीबाईंना झोपवलं, कारण त्यांना आता चालवत नव्हतं. दोन बाळंतिणी बसल्या, त्यांची तान्ही बसली, कोणाचं दळण, कोणाचं अंथरूण. शालूबाई छापा छातीशी धरून गाडीपाशी आली. तेवढ्यात मागून एक बाई दोन पोरं घेऊन पळत आली. शालूबाईनं गाडीकडं बघितलं, पोरांकडं बघितलं. छापा घरात नेऊन ठेवला, कडी लावली आणि त्यातलं धाकटं पोर कडेवर घेऊन चालायला लागली.

वऱ्हाडात, रिसोडच्या अलीकडं एका रिकाम्या कापसाच्या गोदामात त्यांना आसरा मिळाला. तिथं बऱ्याच गावांची माणसं होती, तांड्यावरचीही होती. ज्येष्ठात वसराम सरहद्द ओलांडून गावाकडं जाऊन गुरं बघून आला. त्यानं सांगितलं, सुतार-लोहारांची घरं जळाली. किसनराव नुसता "बरं" म्हणाला. शालूबाई तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. रूपाबाईनं मात्र ओढणी तोंडावर ओढून घेतली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. थावरा तिच्या हातून दुसऱ्यांदा गेला होता.

आषाढ उतरणीला लागला. गोदामात लेकरांना खोकले झाले, हगवण लागली. बायका एकमेकींना विचारायला लागल्या, औंदा जिवती कशी लावायची? साखऱ्याच्या बायका शालूबाईकडं बघायच्या, पण तोंड उघडून कोणी म्हणत नव्हतं. जिचं घर जळालं तिच्याकडं काय मागायचं?

किसनरावानं एका सकाळी गाडीच्या साटीची एक फळी उचकटली आणि रंधा मारायला बसला.

"अवो, गाडी मोडता काय?" शालूबाई म्हणाली.

"एका फळीनं गाडी मोडत न्हाई. शिसव न्हाई हे, साग हाय. रेघ जरा जाड येईल."

"आन् लेकरं? इथं एवढ्या गावांची लेकरं. कुणाला बसवू, कुणाला वगळू? दिवस तरी किती राहिले?"

"जिवती तर काढ. पुढचं पुढं बघू."

तिनं जिवती काढली. साधी, जाड रेघांची, दोन्ही हात पसरून बसलेली. भोवतीची जागा तिनं तासून मोकळी ठेवली. रिसोडच्या एका किराणावाल्यानं पुड्या बांधायचा बदामी कागद दिला. काजळीला तोटा नव्हता, गोदामात एवढे दिवे जळत होते. अमावस्येच्या सकाळी ती दाराच्या उजेडात छापायला बसली आणि भोवती सगळ्या गावांच्या बायका गोळा झाल्या.

पहिला कागद एका बाईनं पुढं होऊन घेतला. तिच्या कडेवरच्या पोरीनं आईच्या कपाळाचं ओलं कुंकू अंगठ्यानं चोळलं होतं. तोच अंगठा तिनं कागदावर, जिवतीच्या शेजारी दाबला. बाईनं तिच्या हातावर चापट मारली. "खराब केलास ना कागद!"

"मारू नको," शालूबाई म्हणाली. तिनं कागद मागून घेतला, समोर धरला. काळ्या जिवतीच्या कुशीपाशी लहानसा लाल अंगठा उमटला होता. त्यातल्या बारीक रेघासुद्धा दिसत होत्या. तसल्या रेघा तिच्या कोरणीला कधी जमल्या नसत्या.

"सगळ्यांनी असंच करा," ती म्हणाली. "कुंकू कालवा. ज्याचं त्याचं लेकरू ज्यानं त्यानं बसवा."

मग एकच गलका झाला. ताटलीत कुंकू आणि तेल कालवलं. तान्ह्यांच्या मुठी उघडून अंगठे दाबले, थोरली पोरं आपणहून रांगेत घुसली, एकानं दोन्ही अंगठे उमटवले. ज्या बाईचा मुलगा निजामाविरुद्धच्या लढ्यात गेला होता आणि कुठं आहे त्याचा पत्ता नव्हता, तिनं चारी दिशांना अक्षता टाकल्या आणि आपल्या कागदावरची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली.

गर्दी ओसरल्यावर रूपाबाई आली. ती लांब खांबाशी बसून सगळं बघत होती.

"एक कागद दे."

शालूबाईनं दिला. दोघींनाही प्रश्न पडला, थावराचा अंगठा आता कुठून आणायचा?  मग रूपाबाईनं आपलाच अंगठा कुंकवात बुडवला आणि जिवतीच्या खांद्याशी दाबला.

"माझ्याच रगताचा होता," म्हणाली. "माझा अंगठा म्हंजी त्याचाच."

तिनं ताटली शालूबाईकडं सरकवली. शालूबाईचे हात काजळीनं काळे झाले होते. रूपाबाईनं तिचा अंगठा आपल्या ओढणीनं पुसला, नीट, रेघा दिसेपर्यंत, आणि मग तिचा हात धरून कुंकवात टेकवला. त्याच कागदावर, जिवतीच्या मांडीवर, सुमी बसली.

किसनराव दारात बसून हे बघत होता. तो उठून आला आणि म्हणाला, "एक आपल्यासाठी बी छाप, सुमीची माय. बापाचा अंगठा चालत असंल तर."

"चालतो," रूपाबाईच बोलली.

त्या पावसाळ्यात गोदामाच्या भिंती जिवत्यांनी भरून गेल्या. पार्वतीबाईंना उठवत नव्हतं, म्हणून त्यांचा कागद त्यांच्या उशाशी खांबाला लावला. श्रावणातल्या तिसऱ्या शुक्रवारी त्या गेल्या. शेवटपर्यंत शालूबाईला म्हणत होत्या, "खळ नीट लाव."

भादव्यात हिंदुस्थानचं लष्कर निजामाच्या राज्यात शिरलं आणि थोड्या दिवसांत सगळं संपलं. रस्ते वाळल्यावर गाड्या परत फिरल्या. साखऱ्यात भिंती उभ्या होत्या, छपरं नव्हती, आणि दारं तर एकाही घराला नव्हती. दिवाळी तोंडावर आलेली, थंडी पडायला लागलेली. गावानं किसनरावापुढं हात जोडले, पण तो एकटा किती दारं करणार?

तेव्हा शालूबाई पदर खोचून त्याच्याजवळ, भर रस्त्यावर लिंबाच्या झाडाखाली येऊन बसली. तिनं पटाशी उचलली आणि चौकटीला खाचा पाडायला लागली. असं उघड्यावर बसून सुतारकाम गावातल्या कोण्या बाईनं कधी केलं नव्हतं. आधी पोरं बघायला जमली, मग बायका. पाटलाचा उत्तमराव तिकडून आला, क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "शालूवहिनी, माझं दार कधी मिळंल?"

"तुमच्या आधी बाळंतिणीचं घर हाय," शालूबाई म्हणाली. "तिचं झालं की तुमचं. तवर ही फळी धरा बराबर, हलू देऊ नका."

उत्तमरावानं धोतर आवरलं आणि खाली बसून फळी धरली.